बंद पडली की बंद केली?

मराठीत एक सोय आहे. ‘साइट बंद पडली’ म्हटलं की कर्ता कोण, हे कोणी विचारत नाही. ‘साइट बंद केली’ म्हटलं की ‘कोणी?’ हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. मतमोजणीच्या रात्री एखाद्या विरोधी पक्षाची साइट किंवा निकाल देणारं बातम्यांचं पान उघडेनासं होतं, आणि लोक पाच मिनिटांत पहिलं क्रियापद टाकून दुसऱ्यावर उडी मारतात. कधी ते बरोबर असतात. कधी असं असतं की त्याच मिनिटाला निम्मा देश तेच पान उघडू पाहतोय आणि सर्व्हरने मान टाकलीय. निवडणुकीच्या काळात इंटरनेटवरच्या सेन्सॉरशिपची मोजणी करणं म्हणजे ‘पडली’पासून ‘केली’पर्यंतचं अंतर पुरावे गोळा करत चालत जाणं.

हे अंतर किती असतं त्याचा एक नमुना. ९ ऑगस्ट २०२० रोजी बेलारुसमध्ये अध्यक्षपदासाठी मतदान झालं आणि त्या दिवसापासून जवळजवळ तीन दिवस देशातलं इंटरनेट विस्कटून गेलं. बाहेरून हल्ले होतायत, असं सरकारी बाजूने सांगण्यात आलं. म्हणजे ‘पडलं’. सप्टेंबरच्या मध्याला सँडवाइन या कंपनीने बेलारुसबरोबरचा करार रद्द केला. तिची वाहतूक तपासणारी यंत्रं तिथे वापरात होती, आणि निवडणुकीच्या काळात माहितीचा प्रवाह अडवायला आपलं उत्पादन वापरलं गेलं, असं तिनेच जाहीर केलं. म्हणजे ‘केलं’. मधे पाच आठवडे गेले. तोपर्यंत ज्यांच्याकडे मोजमापं होती त्यांना बोलता येत होतं. बाकीच्यांकडे फक्त संताप होता.

पान उघडणं ही वापरणाऱ्याला एकच क्रिया वाटते. आत चार घडतात, एकीमागून एक. नावावरून आयपी पत्ता विचारणं, म्हणजे डीएनएस. त्या पत्त्याशी टीसीपी जोडणी. मग टीएलएसचा हँडशेक, म्हणजे जोडणी कुलूपबंद करण्याची बोलणी, ज्यात ब्राउझर आपल्याला कोणती साइट हवीय ते नाव सांगतो. हे नाव ज्या रकान्यात असतं त्याला एसएनआय म्हणतात, आणि बाकी सगळं कुलूपबंद असलं तरी तो रकाना बहुतेक वेळा उघडाच असतो. शेवटी एचटीटीपीने प्रत्यक्ष पान मागणं. अडवणूक या चारांपैकी कुठेही होऊ शकते, आणि पडद्यावर मात्र दरवेळी तेच फिरणारं चाक दिसतं. म्हणून ‘उघडत नाही’ ही तक्रार झाली, मोजमाप नव्हे. कुठल्या पायरीवर अडलं, हे कळल्यावर मोजमाप सुरू होतं.

डीएनएसवर अडवणं सगळ्यांत स्वस्त, म्हणून सगळ्यांत जास्त आढळणारं. आयएसपीचा, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा, रिसॉल्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) खोटा पत्ता देतो: कधी १२७.०.०.१, म्हणजे वापरणाऱ्याचंच यंत्र, कधी १० ने सुरू होणारा खासगी पत्ता, कधी ‘या नावाचं काही अस्तित्वातच नाही’ असं उत्तर, तर कधी मनाईची पाटी दाखवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता. इथे नवखा माणूस हमखास फसतो. मोठ्या साइट सीडीएनवर, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यावर, असतात आणि वेगवेगळ्या देशांत त्यांचे पत्ते मुळातच वेगवेगळे येतात. पत्ता वेगळा आला म्हणून तो खोटा ठरत नाही. खात्रीची कसोटी सोपी आहे: मिळालेल्या पत्त्याशी टीएलएस जोडणी करायची आणि तो त्या नावाचं वैध प्रमाणपत्र देतो का ते पाहायचं. खऱ्या सीडीएनला ते जमतं, बनावट पत्त्याला जमत नाही.

दुसरा सापळा याहून बेरकी. माणूस आयएसपीचा रिसॉल्व्हर सोडून ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या खुल्या रिसॉल्व्हरला, विचारतो, तिथूनही तेच खोटं उत्तर येतं, आणि तो म्हणतो, ‘अरे, साइटच गेली वाटतं.’ प्रत्यक्षात काही नेटवर्कांवर ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे डीएनएसच्या नेहमीच्या दारातून, जाणारा प्रत्येक प्रश्न वाटेतच पकडला जातो, मग तो कोणालाही उद्देशून असो. हे उघडं पाडायची युक्ती गमतीची आहे. जिथे डीएनएस सर्व्हर चालतच नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, अशा एखाद्या पत्त्यावर प्रश्न पाठवायचा. रिकाम्या घराची कडी वाजवल्यावर आतून ‘कोण?’ असं कोणी विचारलं, तर वाटेत कोणीतरी बसलंय. त्यानंतर तोच प्रश्न एचटीटीपीएसवरून जाणाऱ्या कूटबद्ध डीएनएसने विचारायचा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची.

टीसीपीच्या पायरीवर फार काही सांगण्यासारखं नाही. पत्ता अडवला की जोडणी टाइमआउट होते, आणि सर्व्हर मेल्यावरही अगदी तसंच होतं. एकाच पत्त्यावर अनेक साइट असतील तर त्यांतली दुसरी उघडून पाहायची, आणि त्याच क्षणी देशाबाहेरून तो पत्ता जिवंत आहे का तेही.

खरी मजा एसएनआयची. इथे मधलं यंत्र पहिल्या टीएलएस संदेशातलं नाव वाचतं आणि आवडलं नाही तर जोडणी तोडतं: एक तर दोन्ही बाजूंना बनावट रिसेट, म्हणजे ‘जोडणी तोडा’ असा संदेश, पाठवून, नाहीतर पुढची डेटाची पाकिटं गिळून टाकून. ते नेमकं पकडता येतं, कारण नाव आणि पत्ता या दोन गोष्टी आपण हाताने सुट्या करू शकतो; कर्लसारख्या साध्या साधनातही ती सोय आहे. संशयित साइटच्या खऱ्या पत्त्यावर एखादं निरुपद्रवी नाव घेऊन जायचं. मग संशयित नाव घेऊन भलत्याच, पूर्णपणे बिनसंबंधाच्या सर्व्हरकडे जायचं. पहिली जोडणी जगली आणि दुसरी मेली, तर सर्व्हर निर्दोष आहे आणि खटका त्या नावावर आहे. प्रत्येक जोडी किमान दहादा करायची, कारण एका रिसेटवरून काहीच सिद्ध होत नाही. क्रमही महत्त्वाचा. काही यंत्रं एकदा भडकली की त्या दोन पत्त्यांमधली प्रत्येक जोडणी काही काळ तोडत राहतात, नाव कोणतंही असो. संशयित नाव आधी वापरून लगेच निरुपद्रवी नाव तपासलं की तेही मरतं आणि निष्कर्ष उलटा निघतो. म्हणून निरुपद्रवी नाव आधी, संशयित नंतर, आणि पुढच्या फेरीपूर्वी काही मिनिटांची उसंत.

एचटीटीपीच्या पायरीवर कधीकधी सेन्सॉर प्रामाणिक असतो आणि सरळ पाटी लावतो: अमुक कायद्यानुसार हे पान उपलब्ध नाही. कायदेशीर कारणासाठी अडवलेल्या पानाकरता ४५१ हा खास कोड २०१६ पासून मानकातच आहे, वापरणारे मात्र कमी. त्याउलट ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ हा कोड, दिसला म्हणून नाचू नये. बॉट रोखणाऱ्या सेवा मोजणीच्या साधनालाच बॉट समजून ४०३ देतात, आणि निवडणुकीच्या आठवड्यात हल्ल्यांच्या भीतीने साइटवाले त्या सेवांचा पहारा आणखी कडक करतात. शिवाय सरकारी साइट, त्यातही निवडणूक आयोगांच्या, परदेशी पत्त्यांना दार बंद करतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं साइट बंद, आणि आतला मतदार निवांत यादीत नाव शोधत असतो.

हे सगळं हाताने करायला माणसं पुरणार नाहीत. त्यासाठी २०१२ पासून ऊनी हा प्रकल्प चालू आहे. पूर्ण नाव ओपन ऑब्झर्व्हेटरी ऑफ नेटवर्क इंटरफिअरन्स. त्याचं ऊनी प्रोब हे ॲप फोनवर किंवा संगणकावर चालतं, यादीतली प्रत्येक साइट स्थानिक नेटवर्कवरून उघडून पाहतं, तीच साइट अडवणूक नसलेल्या ठिकाणाहूनही उघडवतं आणि दोन्हींची तुलना करतं: पत्ते जुळले का, जोडणी झाली का, पानाचा आकार, हेडर, शीर्षक सारखं आहे का. निकाल जाहीर संग्रहात जातो. तिथले दोन शब्द नीट समजून घ्यावे लागतात. ‘विसंगती’ म्हणजे काहीतरी जुळलं नाही. ‘खात्रीशीर अडवणूक’ हा शिक्का मुख्यतः ओळखीची मनाईची पाटी किंवा तिचा ओळखीचा पत्ता सापडला तरच बसतो. म्हणजे गंमत अशी की पाटी लावणारा सेन्सॉर लगेच पकडला जातो आणि गुपचूप रिसेट पाठवणारा कायम ‘विसंगती’च्या ढिगात राहतो. तो ढीग माणसाने बसून चाळायचा असतो.

ढीग चाळायला काय लागतं? आधीचे दिवस. एखादी साइट मतदानाच्या दिवशी ४० पैकी ३१ चाचण्यांत टीएलएसला तुटली, हा आकडा एकटा मुका आहे. त्याच साइटच्या, त्याच नेटवर्कवरच्या, आधीच्या चार आठवड्यांतल्या चाचण्यांत ती क्वचितच तुटली होती, हे शेजारी ठेवलं की तो बोलू लागतो. आधीही दर चौथी चाचणी तुटत असेल, तर तिचं होस्टिंगच लंगडं आहे. तहान लागल्यावर विहीर खणणारे या कामात नेहमी भेटतात: मतदानाच्या आदल्या संध्याकाळी साधन उतरवून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे भरपूर आकडे असतात, पण तुलनेला काही नसतं. बंदी सिद्ध करायला बंदी नसलेल्या दिवसांची नोंद लागते. त्या दिवसांत काही घडत नाही, म्हणून ती नोंद ठेवायला कोणाला उत्साह नसतो.

त्यामुळे पहिलं काम, मतदानाच्या दोन-तीन महिने आधी, यादी. ऊनी ज्या याद्या वापरतं त्या टोरंटो विद्यापीठातली सिटिझन लॅब ही संशोधन संस्था सांभाळते: एक जगभराची, आणि देशागणिक वेगळी. त्या साध्या तक्त्याच्या फाइली आहेत. प्रत्येक ओळीत साइटचा पत्ता, वर्गाचा कोड, नोंदीची तारीख, कोणी भरली, टीप. देशाची यादी उघडून पाहिली की पहिला धक्का बसतो. तीत मागच्या निवडणुकीतले पक्ष असतात, बंद झालेली वृत्तपत्रं असतात, विकले जाऊन जाहिरातींची पानं झालेले पत्ते असतात. मेलेल्या पत्त्यांवरची प्रत्येक चाचणी ‘विसंगती’ वाढवते, म्हणून आधी झाडलोट. मग भर घालायची: सगळ्या पक्षांच्या आणि प्रमुख उमेदवारांच्या साइट (सत्ताधाऱ्यांच्यासुद्धा, नाहीतर तुलना कशाशी करणार?), निवडणूक आयोग, मतदान केंद्रांचे निकाल समांतर गोळा करणारे गट, तथ्यपडताळणी करणारे, देशाबाहेरून चालणारी वृत्तपत्रं, मोठी समाजमाध्यमं, व्हीपीएन (अडवणूक चुकवून जाण्याची वाट) विकणाऱ्यांची पानं. व्हीपीएनकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, पण तिथली अडवणूक आधी सुरू झाली तर पुढे काय येतंय याचा तो अंदाज असतो.

पत्ता कसा लिहिलाय याने निकाल बदलतो. एचटीटीपीने लिहिलेला आणि एचटीटीपीएसने लिहिलेला पत्ता या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. जुनी यंत्रं पहिल्यालाच पाटी दाखवतात आणि दुसऱ्याला सोडून देतात. पुढे तीन डब्ल्यू असलेलं नाव आणि नसलेलं नाव, ही डीएनएसच्या लेखी दोन नावं. महत्त्वाच्या दहा-बारा साइटची सगळी रूपं यादीत हवीत, बाकीच्यांचं जे रूप लोक खरोखर वापरतात ते पुरे.

यादी लांब असणं हे मोठेपण नाही. पन्नास-साठ पत्त्यांची छोटी यादी दर तासाला आणि पूर्ण यादी दिवसातून एकदा, ही मांडणी निभते. इथे एक बारीक गोम आहे. ॲपमध्ये साइटची चाचणी हाताने सुरू केली की मूळ मांडणीत तिला ९० सेकंदांची मर्यादा असते. चालू साइटला दोन-तीन सेकंद लागतात. अडवलेली साइट टाइमआउट होईपर्यंत त्याच्या कितीतरी पट वेळ खाते. म्हणजे अडवणूक जितकी जास्त, तितक्या कमी साइट त्या दीड मिनिटात तपासून होतात. नेमक्या महत्त्वाच्या दिवशी यादी आपोआप आखूड होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मर्यादा उठवून ठेवायची, किंवा ऊनी रनने आपली यादी एका लिंकमध्ये बांधून सगळ्यांना तीच द्यायची. आणि ही लिंक, ॲप, ॲपची ताजी आवृत्ती, सगळं दोन आठवडे आधी फोनवर पोहोचलेलं असावं. युगांडात जानेवारी २०२१ च्या मतदानाआधीच्या दिवसांत ॲप स्टोअरवरही बंधनं आली होती. मग ‘आता उतरवून घ्या’ हा निरोप पाठवून उपयोग काय? ताजी आवृत्ती अशासाठी की एखाद्या मेसेजिंग सेवेने आपलं प्रमाणपत्र बदललं तर जुनं ॲप तिला ‘अडवलेली’ म्हणतं आणि एका देशातल्या फोनवरून खोटी बोंब उठते.

माणसं किती? हा प्रश्न नेहमी चुकीच्या बाजूने विचारला जातो. शंभर जण एकाच कंपनीच्या सिमवर असतील तर ती एकच खिडकी आहे. अडवणूक प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने करते: एक डीएनएसने, दुसरी एसएनआयने, तिसरी आदेश उशिरा उघडते. म्हणून प्रत्येक मोठ्या मोबाइल कंपनीवर आणि प्रत्येक मोठ्या ब्रॉडबँडवर किमान दोघे-तिघे, शक्यतो वेगवेगळ्या शहरांत, हा हिशेब. दोन सिमचे फोन डोकेदुखी असतात. चाचणी एका सिमवर सुरू होते, डेटा दुसऱ्यावर उडी मारतो आणि निकाल भलत्याच कंपनीच्या नावावर पडतो. वायफाय चालू राहिलं की मोबाइल नेटवर्क मोजतोय असं समजून माणूस दिवसभर ब्रॉडबँड मोजतो. व्हीपीएन बंद करायला विसरणं तर रोजचंच, त्यातही अडवणूक सुरू झाल्यावर, कारण तोच व्हीपीएन लावून तो माणूस गटाशी बोलत असतो. फोनचं घड्याळ चुकलेलं असेल तर प्रमाणपत्रं मुदतबाह्य दिसतात आणि सगळं जगच अडवल्यासारखं वाटतं. ॲपच्या आपोआप चाचण्यांना ‘फक्त वायफायवर’ आणि ‘फक्त चार्जिंगला असताना’ अशा अटी लावता येतात. बॅटरीसाठी त्या छान, मोबाइल नेटवर्क मोजायला घातक. पहिली अट काढायची.

या माणसांना आधी एक गोष्ट सरळ सांगावी लागते. ऊनी आयपी पत्ता प्रसिद्ध करत नाही, पण देश आणि नेटवर्क प्रसिद्ध होतं, आणि या फोनने काय काय उघडलं हे आयएसपीला दिसत असतं. यादीत अश्लील मजकुराच्या, जुगाराच्या, बंदी घातलेल्या संघटनांच्या साइटही असतात. काही देशांत नुसतं तिथे जाणंही गुन्हा ठरू शकतं. वर्ग निवडून बंद करता येतात, ते करून द्यायचं. लहानशा गावात एखाद्या कंपनीचं नेटवर्क एकटाच माणूस मोजत असेल तर ‘नेटवर्क आणि वेळ’ एवढ्यावरूनही तो सापडू शकतो. अशा ठिकाणची खिडकी रिकामी राहिलेली बरी.

मेसेजिंग ॲपच्या चाचण्या साइटसारख्या नसतात. टेलिग्रामच्या चाचणीत त्याच्या डेटा सेंटरचे पत्ते थेट तपासले जातात, नाव विचारण्याची भानगडच नाही, आणि वेब आवृत्ती वेगळी. व्हॉट्सॲपची चाचणी त्याचे जोडणीचे पत्ते, नोंदणीची सेवा आणि वेब आवृत्ती अशा तीन भागांत चालते. फोटो आणि व्हिडिओ वेगळ्या पत्त्यांवरून जातात आणि ते या चाचणीत येत नाहीत. त्यामुळे ‘मेसेज जातोय, मतपत्रिकेचा फोटो जात नाही’ अशी तक्रार आली आणि चाचणी हिरवी दिसली, तर दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नसतं.

सगळ्यांत निसटती गोष्ट म्हणजे गती आवळणं. साइट उघडते, फक्त इतकी हळू की माणूस कंटाळून निघून जातो. जून २०१३ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी इराणमध्ये असंच झालं होतं, आणि शांतता राखण्यासाठी वेग कमी केल्याचं तिथल्या मंत्र्यांनी नंतर मान्य केलं. तोडलेल्या जोडणीची निदान नोंद होते. संथ जोडणीला ‘गर्दी होती’ हा सोयीचा बहाणा तयार असतो, आणि मतदानाच्या दिवशी गर्दी खरंच असते. नेहमीची वेगचाचणी इथे निरुपयोगी, कारण ती आपल्याच सर्व्हरशी बोलते आणि तो रस्ता कोणी आवळलेला नसतो. एकाच फोनवरून, एकाच मिनिटात, संशयित सेवेवरची फाइल आणि तेवढ्याच आकाराची दुसरीकडची फाइल उतरवायची. हे पहाटेही करायचं, दुपारीही. गर्दी असेल तर दोन्ही हळू होतात आणि पहाटे सुधारतात. आवळलं असेल तर एकच हळू होते आणि तिचा वेग दिवसभर एका सरळ रेषेत राहतो.

रशियाने १० मार्च २०२१ पासून ट्विटरची गती आवळली तेव्हा ही सरळ रेषा साधारण १३० ते १५० किलोबिट प्रति सेकंदावर होती. त्याच दिवशी तिथे मायक्रोसॉफ्ट आणि रेडिटही रांगू लागले. कारण ऐकून हसावं की रडावं कळत नाही. ट्विटरच्या लघुदुव्यांचा पत्ता टी डॉट सीओ. यंत्राला सांगितलं होतं की नावात कुठेही ‘टी डॉट सीओ’ ही अक्षरं ओळीने आली की आवळ. आता ‘मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’ रोमन अक्षरांत डोळ्यांपुढे आणा: नावाचं शेवटचं अक्षर टी, मग डॉट, मग कॉममधले सी आणि ओ. रेडिटचंही तेच. सुक्याबरोबर ओलंही जळालं, आणि त्या जळण्यामुळेच मोजणाऱ्यांना कळलं की खटका एसएनआयवर आहे आणि तो कसा लावलाय. सेन्सॉरच्या चुका हा या कामातला सगळ्यांत उपयोगी माल.

सगळंच बंद झालं तर? तेव्हा आतल्या चाचण्या बाहेर येत नाहीत, आणि नसणं हीच मोजायची गोष्ट होते. २०१६ मध्ये गाम्बियात १ डिसेंबरच्या मतदानाच्या आदल्या रात्री इंटरनेट गेलं, परदेशी फोनही. काँगो प्रजासत्ताकाच्या शेजारच्या मोठ्या काँगोत, म्हणजे लोकशाही काँगोत, ३० डिसेंबर २०१८ च्या मतदानानंतर दुसऱ्या दिवशी गेलं ते सुमारे २० दिवस. हे बाहेरून पाहायला आयोडा ही इंटरनेट-बंदी टिपणारी यंत्रणा आहे. ती तीन नाड्या धरून बसते. देशाचे किती पत्ते बीजीपीत, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना मार्ग कळवतात त्या व्यवस्थेत, जाहीर आहेत, दर ५ मिनिटांनी. त्या पत्त्यांना हाक मारल्यावर किती ओ देतात, दर १० मिनिटांनी. आणि वापरात नसलेल्या पत्त्यांच्या मोठ्या पट्ट्यावर त्या देशातून येणारा फुकटचा कचरा किती. व्हायरस लागलेली यंत्रं सतत इकडेतिकडे दारं ठोठावत असतात, आणि ठोठावणं थांबलं की देश गप्प झाला असं कळतं.

तिन्ही एकदम पडल्या तर फार डोकं लावावं लागत नाही. अवघड असतो तो अर्धवट प्रकार. ८ फेब्रुवारी २०२४ ला पाकिस्तानात मतदानाच्या दिवशी देशभर मोबाइल सेवा थांबवली गेली, आणि घरगुती ब्रॉडबँड चालू राहिलं. असल्या वेळी बीजीपीचे मार्ग जाहीरच राहतात, आणि मोबाइलचे फोन कंपनीच्या सामाईक पत्त्यांमागे दडलेले असल्याने हाकेला एरवीही ओ देत नाहीत. दोन्ही नाड्या सुरळीत आणि खिशातला फोन ठार. तेव्हा क्लाउडफ्लेअर रडार किंवा गूगलच्या पारदर्शकता अहवालातला वाहतुकीचा आलेख कामी येतो, तोही कंपनीवार पाहिला तर. रायप ॲटलस या मोजणीच्या जाळ्याची छोटी यंत्रं बहुतेक घरगुती ब्रॉडबँडला जोडलेली असतात, त्यांच्यावर विसंबून ‘सगळं ठीक’ म्हणू नये.

आणि केबल. १४ मार्च २०२४ ला आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालच्या चार केबल एकदम तुटल्या आणि पश्चिम आफ्रिकेतले अनेक देश लंगडले. दहा दिवसांनी सेनेगलमध्ये अध्यक्षपदाचं मतदान होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथल्या सरकारने मोबाइल डेटा बंद केलेला असल्याने संशय हवेत होताच. साप म्हणून भुई धोपटायला याहून चांगलं निमित्त कुठलं? केबल तुटली की खूण वेगळी असते: सीमा ओलांडून एकाच वेळी अनेक देश, रात्री-अपरात्री कोणत्याही मिनिटाला. आदेशाने बंद केलं की सीमेवर बरोबर थांबतं आणि बरेचदा तासाच्या ठोक्याला सुरू होतं. गॅबॉनमध्ये २०१६ च्या निवडणुकीनंतर काही दिवस रोज संध्याकाळी सहा ते सकाळी सहा इंटरनेट बंद ठेवलं जायचं. कुठलीही केबल इतकी वक्तशीर नसते.

वेळेवरून आठवलं: सगळ्या नोंदी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत. स्थानिक वेळेतले स्क्रीनशॉट, दुसऱ्या वेळेतले आलेख आणि तिसऱ्याच वेळेतला सरकारी खुलासा एकत्र आले की तासाभराची चूक होते, आणि ‘आदेशाआधीच बंद झालं होतं’ असा भलताच शोध लागतो.

काही गोष्टी या सगळ्या जाळ्यातून निसटतात. १७ सप्टेंबर २०२१ ला, रशियात दुमाचं, म्हणजे संसदेचं, मतदान सुरू झालं त्या दिवशी, विरोधी नेते नवाल्नी यांच्या समर्थकांचं मतदान-मार्गदर्शक ॲप ॲपल आणि गूगल यांनी आपापल्या स्टोअरमधून काढून टाकलं. एकही पाकीट अडवलं गेलं नाही. नेटवर्कच्या मोजणीत तो दिवस त्या बाबतीत कोराच दिसला असता. स्टोअरमधली उपलब्धता, काढलेल्या पोस्टी, बंद केलेली खाती यांची नोंद माणसाने हातानेच ठेवायची: कोणत्या देशाच्या खात्यातून, कधी, काय दिसलं.

अहवाल लिहिताना भाषा पुन्हा आडवी येते. ‘अमुक तीन नेटवर्कांवर, इतक्या वाजल्यापासून, या साइटचं नाव असलेला टीएलएस हँडशेक तुटत होता, त्याच सर्व्हरवर दुसऱ्या नावाने जोडणी होत होती’ हे वाक्य कोणाला आवडत नाही. बातमीदाराला ‘सरकारने ब्लॉक केलं’ हवं असतं. पण मोजणीला फक्त नेटवर्क दिसतं, आदेश दिसत नाही. आदेश कागदावर येतो तो दुसऱ्या वाटेने. युगांडात १२ जानेवारी २०२१ ला नियामकाने समाजमाध्यमं आणि मेसेजिंग बंद करण्याचं पत्र कंपन्यांना पाठवलं आणि ते बाहेर आलं. गॅबॉनमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्र्यांनी दूरचित्रवाणीवरून स्वतःच सांगितलं. झांबियात १२ ऑगस्ट २०२१ च्या मतदानाच्या दिवशी व्हॉट्सॲप आणि इतर सेवा अडकल्या, एक संस्था उच्च न्यायालयात गेली, आणि १३ तारखेला न्यायालयाने सेवा पूर्ववत करायला सांगितलं. कोर्टात एका दिवसात उभं राहायचं तर वेळ, नेटवर्क, पद्धत यांचा तक्ता आदल्या रात्रीच तयार लागतो, आणि त्यात ‘बहुधा’ हा शब्द जिथे हवा तिथे ठेवलेला लागतो. न्यायाधीशांपुढे एक विसंगती फुगवून सांगितली आणि ती होस्टिंगची निघाली, तर बाकीच्या तीसही तिच्याबरोबर बुडतात.

मोजणी कधी थांबवायची? निकालाच्या दिवशी सगळे दमलेले असतात आणि फोनवरची ॲप एकेक करून बंद होतात. युगांडात २०१६ मध्ये फेब्रुवारीच्या मतदानाच्या दिवशी समाजमाध्यमं अडवली गेली, उघडली, आणि मे महिन्यात शपथविधीच्या आदल्या दिवशी पुन्हा अडवली गेली. पाकिस्तानात मतदान ८ फेब्रुवारी २०२४ ला झालं, एक्स (पूर्वीचं ट्विटर) १७ तारखेला गेलं आणि ते परत यायला मे २०२५ उजाडलं. तेव्हा छोटी यादी निदान शपथविधी होऊन आठवडा उलटेपर्यंत चालू ठेवायची, तासाला नाही तरी दिवसातून चारदा. उघडण्याची वेळही बंद होण्याच्या वेळेइतकीच जपून लिहायची, कंपनीवार. पाच कंपन्यांवर एकच साइट एकाच पाव तासात पुन्हा उघडली, तर ती आपोआप दुरुस्त झाली असं म्हणणं कोणालाही जड जातं. युगांडात १८ जानेवारी २०२१ ला इंटरनेट परत आलं. इंटरनेट आलं, अशी बातमीही झाली. चाचण्या चालू होत्या त्या फोनवर मात्र एक ओळ तशीच लाल राहिली: फेसबुक.